नळी राहू द्या, बोल्ट पुसा

या खेपेची जवळजवळ सगळी पत्रं पॉइंट टू-टू सेमी-ऑटोमॅटिक रायफलीबद्दल आहेत, म्हणजे ०.२२ इंची छोट्या काडतुसाची, दर वेळी चाप ओढला की एक बार उडवून पुढचं काडतूस आपोआप भरणारी रायफल. परवान्याचं काम उरकलेलं आहे असं धरून उत्तरं देतो. मात्र या रायफलींचे नियम देशागणिक पार बदलतात. ब्रिटनने १९८८ साली मोठ्या काडतुसांच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलींवर बंदी घातली, पण पॉइंट टू-टूला त्यातून वगळलं. त्यामुळे आपल्याला लागू असलेला नियम आधी वाचा आणि मगच पैसे मोजा.

प्रश्न : वापरलेली रायफल घ्यायची आहे. नवशिक्याने नेमकं काय पाहावं?

आधी मॅगझिन (काडतुसांची डबी) काढा, बोल्ट (नळीची मागची बाजू बंद करणारा सरकता भाग) मागे ओढा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीत, डोळ्यांनी पाहा आणि करंगळीने चाचपा. विकणारा ‘रिकामीच आहे’ म्हणाला तरीही.

मग माझी नजर जाते स्क्रूंवर. त्यांच्या खाचा चेपलेल्या, कडा सोललेल्या दिसल्या, तर कुणीतरी हाताला लागेल त्या पेचकसाने ही रायफल उघडलेली आहे. आत काय काय ‘सुधारलं’ असेल ते देव जाणे. त्यानंतर नळीचं तोंड. गोळी नळीला शेवटचा स्पर्श करते तो तिथल्या कडेला. त्या कडेवर नखाला जाणवेल एवढा जरी टवका असला, तरी गोळ्या एका बाजूला फेकल्या जातात.

आता बोल्ट मागे अडकवून चेंबरपाशी पांढरा कागद धरा आणि तोंडाकडून आत पाहा. नळीच्या आतले पीळदार आटे झळझळीत दिसायला हवेत. मध्येच एखादं काळसर कडं दिसलं, तर तिथे नळी फुगलेली असण्याची शक्यता मोठी : आधीची गोळी आत अडकली आणि मालकाने तिच्यामागे दुसरी झाडली. अशी रायफल कितीही स्वस्त मिळत असली तरी घेऊ नका. चेंबरच्या कडेवर फायरिंग पिनने (काडतुसावर आपटून बार उडवणाऱ्या खिळीने) ठोकून पाडलेली खाच आहे का, हेही पाहा. रिकामी रायफल वर्षानुवर्षं टकटक चालवत बसणाऱ्यांची ही निशाणी. त्या खाचेमुळे काडतुसाची रिकामी पुंगळी अडते.

शेवटी रेंजवर ५० गोळ्या झाडून बघू द्या म्हणावं. विकणारा टाळाटाळ करू लागला की नमस्कार करून निघावं.

प्रश्न : नवी कोरी रायफल आहे, तरी दर मॅगझिनला एकदा अडकते. कमी आवाजाची सबसॉनिक काडतुसं वापरतो. परत करू का?

थांबा, रायफलीचा दोष नसावा. या रायफलींत बोल्टला कुलूप नसतं. त्याचं वजन आणि मागची स्प्रिंग, एवढंच त्याला धरून असतं. बार उडाला की पुंगळी बोल्टला मागे ढकलते, आणि त्या धक्क्यावरच पुढचं काडतूस भरलं जातं. कमी आवाजाच्या काडतुसात तो धक्काच अपुरा पडतो. बोल्ट अर्ध्यावरून परत येतो आणि पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत धुराड्यासारखी उभी चिमटली जाते. तुमच्याकडे असंच होत असेल, तर काडतूस बदला. पण नव्या गोळीचं नाक चेपून अडकत असेल, तर मॅगझिनचे ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या वळलेल्या कडा, तपासा.

मग सगळ्यात जोरकस काडतूस घ्यावं का? तेही नको. साधारण २.६ ग्रॅमची गोळी ‘हाय व्हेलॉसिटी’ काडतुसातून सेकंदाला ३८० मीटरच्या आसपास निघते आणि वाटेत आवाजाच्या वेगाखाली उतरते. त्या उतरणीवर ती डगमगते. ‘स्टँडर्ड व्हेलॉसिटी’ सुमारे ३२५ मीटरची, म्हणजे मुळातच त्या वेगाखाली. बहुतेक रायफली ती पचवतात. चार-पाच कंपन्यांची एकेक पेटी आणा आणि जी तुमच्या रायफलीला मानवेल ती घ्या. शेजाऱ्याच्या रायफलीला मानवलेली तुमच्या रायफलीला मानवेलच असं नाही.

प्रश्न : रेंजवरून आल्यावर दर वेळी नळी ब्रशने स्वच्छ घासतो, भरपूर तेल देतो. तरी नेम बिघडतोय.

‘तरी’ नव्हे, ‘म्हणून’! पॉइंट टू-टूची गोळी मऊ शिशाची असते आणि बहुधा तिला वरून मेणाचा किंवा वंगणाचा हात दिलेला असतो. थोड्या गोळ्या गेल्या की नळीत त्याचा पातळ थर बसतो आणि नेम स्थिरावतो. तुम्ही तो खरवडून काढता, पुढच्या वेळी पहिल्या दहा-पंधरा गोळ्या भरकटतात, आणि तुम्ही आणखी घासता.

शिवाय नळी साफ करायचा गज. १९६४ पासून चालत आलेल्या रुगर १०/२२ सारख्या कित्येक रायफलींची मागची बाजू बंद असते, त्यामुळे गज तोंडाकडूनच घालावा लागतो आणि तो कडेला घासतो. त्यापेक्षा चिंधी बांधलेली दोरी चेंबरकडून घाला आणि तोंडाकडून ओढून काढा. तेही नेम ढळू लागल्यावरच.

घासायचंच असेल तर बोल्ट आहे की. त्याचं तोंड, आणि पुंगळी ओढणाऱ्या आकड्याखालची बारीक फट. तिथून टूथपिकने काळी, मेणचट पपडी निघते. ती साफ केली की निम्मी अडकाअडकी संपते. तेल बोल्टच्या सरकत्या कडांना एकेक थेंब, बस्स. जास्तीच्या तेलात काजळी कालवली जाऊन मलम होतं. एकदा कडाक्याच्या थंडीत पहाटेच्या सरावाला माझ्याच रायफलीचा बोल्ट गोगलगायीसारखा सरकत होता. आदल्या रात्री मीच प्रेमाने तेल पाजलं होतं.

आणि हो, दुर्बिणीच्या बैठकीचे स्क्रू ढिले नाहीत ना, हे नळीवर आळ घेण्याआधी पाहा. काम झाल्यावर हात साबणाने धुवा, त्या काजळीत शिसं असतं.

प्रश्न : चाप ओढला, ‘टक’ झालं, बार उडाला नाही. लगेच बोल्ट ओढला तर चालेल?

नाही. नळी निशाण्याकडेच ठेवून ३० सेकंद मोजा. क्वचित बार उशिरा उडतो. मग काडतूस काढून बाजूला टाका. या काडतुसात स्फोटक मसाला रिमच्या, म्हणजे बुडाच्या कडेच्या, पोकळीत फिरवून पसरवलेला असतो. पिन नेमकी मसाला नसलेल्या जागी पडली की असं होतं.

त्याहून घातक म्हणजे दबका ‘फुस’ आवाज. तो ऐकलात की पुढची गोळी झाडू नका. रायफल रिकामी करा, नळीत काही अडकलं आहे का पाहा. आणि एकदा चाप ओढल्यावर दोन बार उडाले, तर रायफल त्याच क्षणी बंद ठेवा आणि जाणत्या कारागिराकडे न्या. चापाची यंत्रणा घरी कानशीने घासायचा मोह आवरा.

प्रश्न : मॅगझिन भरून ठेवल्याने स्प्रिंग मरते का?

दबून राहिल्याने फारशी नाही, वारंवार दबण्या-सुटण्याने झिजते. तरी भरून ठेवू नका. रायफल एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या. आणि फोमच्या पेटीत महिनोन्‌महिने ठेवू नका. फोम दमट हवा धरून ठेवतो आणि गंज लागतो.

प्रश्न : हीच रायफल पुढे ५० मीटरच्या स्पर्धेत वापरता येईल?

ऑलिम्पिक धर्तीच्या स्पर्धेत नाही. तिथे रायफलीत एकेक काडतूस हाताने भरावंच लागतं. ध्येय तेच असेल, तर या रायफलीवर पैसे घालू नका.