इंग्रजी लिहायला शिकताना ग्रामरलीसारखी साधनं वापरावीत का?

वापरा, पण लिहून झाल्यावर. आधी अख्खा परिच्छेद स्वतः लिहा, मग तो ग्रामरली किंवा लँग्वेजटूल या इंग्रजीतल्या चुकांखाली रेघ ओढून दाखवणाऱ्या साधनांत टाका. शिकणाऱ्याला दोन्हींची फुकट आवृत्ती पुरते.

मराठी माणूस अडखळतो तो 'अ', 'अ‍ॅन' आणि 'द'पाशी. मराठीत ही उपपदं नाहीतच, त्यामुळे गाळली तरी आपल्या डोळ्याला खुपत नाही. तिथे ही साधनं खरंच कामाची. 'डिस्कस अबाउट'मधला जादा 'अबाउट'ही सहसा पकडतात. पण वर्गात कंटाळा आला हे सांगताना 'आय वॉज बोअरिंग' लिहिलंत तर? व्याकरण बिनचूक, त्यामुळे बहुधा रेघ उमटणारच नाही. अर्थ मात्र 'मीच कंटाळवाणा होतो' असा झाला!

लाल रेघ दिसली की लगेच क्लिक करू नका. आधी स्वतः दुरुस्त करून बघा, मग सूचना वाचा. न पटलेली सूचना खुशाल सोडा. कर्मणी वाक्य दिसलं की नाक मुरडायची यांना सवय आहे, पण प्रयोगवहीत कर्मणी सर्रास चालतं. आणि हो, सेटिंगमध्ये ब्रिटिश इंग्रजी निवडा, नाहीतर शाळेत शिकलेली स्पेलिंगंही चुकीची ठरतील.