झिंगाट सगळीकडे वाजलं, पण पुढे काय झालं?

मागच्या अंकात विचारलं होतं की 2010 ते 2019 या दहा वर्षांत कुठल्या मराठी पिक्चरने पुढच्यांना वाट दाखवली. ठाणे आणि नवी मुंबईकरांनी इतकं लिहून पाठवलंय की सगळं छापायचं तर अंकाचा पुरवणी अंक काढावा लागेल. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, काही कापलेत, रागावू नका.

ताई, आमच्या ग्रुपमध्ये कायमचं भांडण आहे. मी म्हणतो ‘सैराट’ने सगळं बदललं, बाकीचे म्हणतात ‘दुनियादारी’ने आधीच बदललं होतं. एकदाचं सांगून टाका.
*– इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, कोपरखैरणे*

अरे दोन्ही खरंय, पण तुम्ही भांडताय ते कमाईवरून, मी बघते मागून कोण कोण आलं ते.

‘दुनियादारी’ आला जुलै 2013 मध्ये, सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरून, संजय जाधवांचा. त्याआधी मराठी पिक्चर म्हणजे आईबाबांबरोबर रविवारी बघायचा अशी कॉलेजच्या पोरांची समजूत होती, ती या पिक्चरने मोडली. पोरं गँग करून गेली, परत गेली, टीशर्ट घातले, कट्ट्यावर डायलॉग मारले. मग निर्मात्यांना वाटलं की अच्छा, जुना काळ, मित्र आणि अर्धवट राहिलेलं प्रेम हे चालतंय. सहा महिन्यांत रवी जाधवांचा ‘टाइमपास’ आला आणि तोही जोरात चालला, पुढे 2017 ला ‘ती सध्या काय करते’. हे तिन्ही आपापल्या जागी ठीकच, पण त्यांच्या मागून शाळेतल्या पहिल्या प्रेमाची जी रांग लागली त्यातले अर्धे मला आता आठवतही नाहीत. गंमत म्हणजे शाळेतल्या प्रेमाचा सगळ्यात सच्चा पिक्चर या सगळ्यांच्या आधीच, 2012 मध्ये येऊन गेला होता, सुजय डहाकेचा ‘शाळा’. त्याची नक्कल कोणी केली नाही कारण तो आरडाओरडा करत नव्हता.

आता ‘सैराट’. 29 एप्रिल 2016. शंभर कोटींच्या पुढे गेलेला पहिला मराठी पिक्चर, हे तर सगळ्यांना पाठच आहे. पण नक्कल करणाऱ्यांनी उचललं काय? गावातली जोडी, स्लो मोशनमध्ये धावणं, पांढऱ्या कपड्यातला पाटील आणि त्याची जीप. नाही उचललं ते असं: पोरगी बुलेट आणि ट्रॅक्टर चालवते आणि पोरगा तिच्याकडे बघत उभा राहतो, चारच्या चार गाणी इंटरव्हलच्या आधी संपतात, आणि नंतर सगळा रोमान्स हैदराबादच्या झोपडपट्टीत भाकरी आणि भाड्याच्या प्रश्नावर येऊन आदळतो. शेवटाला तर पार्श्वसंगीतच नाही. एवढं अजय-अतुलचं संगीत, हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर जाऊन ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केलेला, आणि ऐन मोक्याला दिग्दर्शक म्हणतो आता गप्प. ही हिंमत कॉपी होत नाही ना.

रिमेक तर कन्नड, पंजाबी, उडिया, बंगाली सगळ्यांत झाले. कन्नडमध्ये स्वतः रिंकू राजगुरूच होती. 2018 मध्ये हिंदीत ‘धडक’ आला, गोष्ट उदयपूरला नेली आणि जातीचा मुद्दा एवढा पातळ केला की मग ती दोघं पळतायत कशाला हाच प्रश्न पडावा.

पण तू विचारलंस म्हणून माझं मत सांगते, तुमच्या ग्रुपमध्ये कोणालाच पटणार नाही. वाट पाडली ती ‘फँड्री’ने. 14 फेब्रुवारी 2014, मुद्दाम व्हॅलेंटाइन डेला लावलेला. दोन्हींचा दिग्दर्शक नागराज मंजुळे, त्याने तिथेच ठरवून टाकलं होतं की हिरो गावातलाच पोरगा असेल, तो तसाच बोलेल आणि तसाच दिसेल. ‘सैराट’मध्ये त्याच गोष्टीला गाणी आणि बजेट मिळालं. त्यानंतर अकलूजची, करमाळ्याची पोरं पडद्यावर हिरो-हिरोईन म्हणून चालतात हे निर्मात्यांना मान्य करावंच लागलं. भाऊराव कऱ्हाडेंचा ‘ख्वाडा’ तर ‘सैराट’च्याही आधी, 2015 चा, धनगर कुटुंबाची गोष्ट. ‘सैराट’चा कॅमेरामन सुधाकर रेड्डी यक्कंटी, त्याने 2018 मध्ये स्वतः ‘नाळ’ केला. माझ्या लेखी ट्रेंड हा, बाकीची सगळी फॅशन.

आम्ही हळदीला डीजे लावतो. ‘झिंगाट’शिवाय एकही हळद होत नाही, अजूनही. मग हल्लीच्या पिक्चरमध्ये मुद्दाम हळदीचं गाणं घालतात तरी ते पिक्चर का पडतात?
*– डीजेवाला भाऊ, घणसोली*

भाऊ, तुमच्याइतका खरा सर्व्हे कोणाकडेच नसणार, आगरी-कोळी हळदीत रात्री दोनला जे गाणं वाजतं ते हिट, बाकी आकडे काय कोणीही सांगतं. याची सुरुवात ‘सैराट’च्याही आधीची आहे बरं का. 1 जानेवारी 2010 ला ‘नटरंग’ आला, आनंद यादवांच्या कादंबरीवरचा, आणि त्यातल्या लावण्यांनी असा धुमाकूळ घातला की डान्स शो, गॅदरिंग, गणपतीचं स्टेज सगळीकडे तेच. तेव्हापासून गाणं आधी सोडायचं, पिक्चर मागून आणायचा ही पद्धतच पडली.

पण ‘नटरंग’मधल्या गाण्यांना गोष्ट होती, तमाशासाठी वेडा झालेला आणि शेवटी नाच्या व्हायला तयार होणारा पैलवानी गडी होता, अतुल कुलकर्णीने त्यासाठी अंग कमावलं आणि परत उतरवलं. आताचं हळदीचं गाणं काढून दुसऱ्या पिक्चरमध्ये टाकलं तरी काही फरक पडत नाही. लोक ते तुमच्या डीजेवर फुकट ऐकतात आणि खूश असतात, तिकीट काढायला कारण कुठाय? तरी तुमचा धंदा चालू राहू दे, फक्त दहानंतर आवाज थोडा कमी, ऐरोलीच्या तीन पत्रांत तीच तक्रार आहे.

घोडबंदर रोडला आमच्या जवळ डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह आहे. पिक्चर येईपर्यंत माझ्या मुलाला घाणेकर कोण तेच माहीत नव्हतं. हे चरित्रपटांचं वेड नक्की कुठून आलं, आणि चांगलं की वाईट?
*– दोन मुलांची आई, मानपाडा*

काकू, चांगलंच की, मुलाला नाट्यगृहाच्या पाटीवरचं नाव कळलं! आता त्याला ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधला संभाजी आणि ‘अश्रूंची झाली फुले’मधला लाल्या म्हणजे काय चीज होती तेही सांगा.

सुरुवात 2010 च्या जानेवारीतच झाली, परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’. फाळक्यांवरचा पिक्चर, पण फोटोला हार घालून नमस्कार करणारा नाही, हसत खेळत सांगितलेला, घरातलं सामान विकून कॅमेरा आणणारा एक खटपट्या माणूस. मला अजूनही वाटतं की चरित्रपट असाच करावा. पण पुढे वाट धरली गेली ती 2011 च्या ‘बालगंधर्व’ची, भरजरी, भव्य, डोळ्यांत पाणी. सुबोध भावेने बालगंधर्व केले, 2015 ला लोकमान्य टिळक केले, 2018 ला घाणेकर केले, आणि मग विनोद सुरू झाले की थोर माणूस म्हटलं की सुबोधला फोन लावा. मधे ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे’, भगवानदादांवरचा ‘एक अलबेला’, 2019 मध्ये तर ‘भाई’ दोन भागांत, ‘ठाकरे’, ‘आनंदी गोपाळ’ सगळे एकाच हंगामात. आनंदीबाई तर आपल्या शेजारच्या कल्याणच्या.

अडचण कुठे होते सांगू, घरचे लोक, संस्था, अनुयायी सगळ्यांना सांभाळायचं म्हटलं की माणसाच्या चुका गळतात आणि पिक्चर सत्कार समारंभ होतो. घाणेकरांच्या पिक्चरमध्ये दारू, अहंकार, पडती बाजू बऱ्यापैकी दाखवली म्हणून तो जमला. आनंद दिघेंवरच्या ‘धर्मवीर’बद्दल विचारणाऱ्या ठाणेकरांना एवढंच सांगते की तो 2022 चा, आपल्या दहा वर्षांत बसत नाही, आणि टेंभी नाक्याच्या पिक्चरवर मत देऊन मला ठाण्यात राहायचंय.

शिवकालीन पिक्चर एवढे का वाढले? *– वर्तकनगर*

दिग्पाल लांजेकरांचा ‘फर्जंद’ 2018 ला चालला म्हणून. मग ‘फत्तेशिकस्त’, पुढे ‘पावनखिंड’, ‘शेर शिवराज’, ‘सुभेदार’, महाराज चिन्मय मांडलेकर, जिजाऊ मृणाल कुलकर्णी, टीम ठरलेली. कमी पैशांत एका मोहिमेची गोष्ट सांगायची ही युक्ती चांगली होती, पण दर वेळी तेच कडे आणि त्याच घोषणा, मला तरी पुरे झालंय.

‘कोर्ट’ला एवढे पुरस्कार मिळाले, मी मुद्दाम पाहायला गेलो, हॉलमध्ये मोजून दहा माणसं. असल्या पिक्चरने कुठला ट्रेंड आणला? उगाच कौतुक.
*– निवृत्त बँक कर्मचारी, चरई*

काका, दहामध्ये तुम्ही होतात ना, मग झालं. चिडू नका, प्रश्न बरोबर आहे. ‘कोर्ट’ व्हेनिसला 2014 मध्ये गाजला, राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट ठरला, भारताकडून ऑस्करला गेला, आणि इथे एप्रिल 2015 मध्ये लागला तेव्हा लोकांनी जांभया दिल्या. कॅमेरा एका जागी उभा, वकील कलमं वाचतायत, तारीख पडते, कोणीतरी पिशवी उचलून घरी जातं. पण ठाणे कोर्टात एकदा जरी तारखेला बसला असाल तर कळेल की ते किती खरंय. त्यातली सरकारी वकील, गीतांजली कुलकर्णी, दिवसभर एका शाहिराला आत टाकायचा युक्तिवाद करते आणि मग लोकलने घरी जाऊन स्वयंपाक करते, असा व्हिलन आपल्याकडे आधी नव्हताच. त्या शाहिराचं काम केलं ते वीरा साथीदार, खऱ्या आयुष्यातही चळवळीतले.

असे पिक्चर आपल्यासारखे दुसरे पिक्चर जन्माला घालत नाहीत, माणसं घडवतात. ‘किल्ला’ घ्या, बर्लिनला क्रिस्टल बेअर मिळालेला, त्याचा दिग्दर्शक अविनाश अरुण पुढे ‘पाताल लोक’मध्ये दिग्दर्शक म्हणून दिसला आणि तुम्ही ती सिरीज रात्रभर जागून बघितली असणार. वेब सिरीजमध्ये कमी बोलणारी, साधी दिसणारी मराठी माणसं जिकडे तिकडे दिसतात ती याच पिक्चरमधून आणि प्रायोगिक नाटकातून गेलेली आहेत.

आमच्या इथल्या मॉलमध्ये मराठी पिक्चर एकतर सकाळी साडेनऊला नाहीतर रात्री अकराला. सरकारने नियम केला होता ना?
*– नोकरदार, ऐरोली*

केला होता. 2015 च्या एप्रिलमध्ये आधी म्हणाले मल्टिप्लेक्सनी मराठी पिक्चरचा शो संध्याकाळी 6 ते 9 मध्ये लावायचा, त्यावरून वाद झाला, मग म्हणाले दुपारी 12 ते रात्री 9 मध्ये कधीतरी एक. म्हणजे मंगळवारी दुपारी सव्वाबाराला लावला तरी नियम पाळला! तुम्ही ऑफिसात, पिक्चर रिकामा, आणि सोमवारी आकडे बघून थिएटरवाला म्हणणार बघा, चालतच नाही.

खरी गोम पैशांत आहे. 2009 मध्ये हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांचं दोन महिने भांडण चाललं होतं, नवे पिक्चरच लागत नव्हते, तेव्हा जो हिशोब ठरला तो असा की पहिल्या आठवड्याला निर्मात्याला 50 टक्के, दुसऱ्याला 42.5, तिसऱ्याला 37.5 आणि नंतर 30. आता बघा, मराठी पिक्चर बहुतेक वेळा ऐकून ऐकून चालतो, पहिल्या शुक्रवारी कोणाला पत्ता नसतो, तिसऱ्या आठवड्यात बायका भिशीत सांगतात आणि गर्दी होते, पण तोवर एकतर शो गेलेला असतो नाहीतर वाटा कमी झालेला असतो. ‘दुनियादारी’ ऐन भरात असताना शाहरुखचा पिक्चर आला तेव्हा आणि घाणेकरांच्या वेळी दिवाळीत ‘ठग्ज ऑफ हिंदोस्तान’ आला तेव्हा शोवरून मारामारीच व्हायची वेळ आली होती. म्हणून मी सगळ्यांना सांगते, बघायचाच असेल तर पहिल्या शनिवार-रविवारी जा, मग भले टीका करा.

‘मुळशी पॅटर्न’ बघून वडील दोन दिवस बोलले नाहीत. आमचीही जमीन सिडकोत गेली. आमच्यावर असा पिक्चर का होत नाही?
*– उलवे*

प्रवीण तरडेंचा तो पिक्चर 2018 चा, पुण्याच्या बाजूला जमीन विकलेला शेतकरी आणि गुंडगिरीत गेलेला त्याचा मुलगा. पुढे हिंदीत ‘अंतिम’ म्हणून सलमानला घेऊन केला तेव्हा बाप बाजूला राहिला आणि मारामारी वाढली. आणि मराठीतही त्याच्या मागून आले ते ‘भाई’गिरीचेच पिक्चर, सातबाऱ्याचा पिक्चर कोणी केला नाही.

तुमच्याकडची गोष्ट वेगळी आहे दादा. तुमची जमीन बिल्डरने नाही, सरकारने घेतली, शहर वसवायला, 95 गावांची. 1984 चं जासईचं आंदोलन, गोळीबार, दि. बा. पाटील, मग घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के प्लॉट परत द्यायची योजना, ते प्लॉट मिळेपर्यंत म्हातारी झालेली माणसं, आणि प्लॉट विकून आलेल्या पैशांच्या गाड्या, बंगले, लग्नं, तेही. मोठा निर्माता हात लावत नाही कारण यात एक व्हिलन दाखवता येत नाही, आणि आगरी बोली सिरीयलमध्ये फक्त हसायला वापरायची सवय लागलीय. पण नागराजच्या आधी ‘फँड्री’सारखा कैकाडी वस्तीवरचा पिक्चर तरी कोण काढणार होतं? वडील बोलायला लागले की फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, त्यांच्याच भाषेत, मधे मधे दुरुस्त करू नका. उलवे-पनवेलकडची फिल्म शिकणारी दोन मुलं याच अंकासाठी मला लिहून विचारतायत की शॉर्ट फिल्मसाठी विषय सुचवा, तुमची हरकत नसेल तर तुमचा नंबर त्यांना देते.