क्लास पहिला, पण मुलगा कितवा?

प्रश्न : आम्ही टेक्सासमध्ये फ्रिस्कोला राहतो. मुलगा अकरावीत आहे, हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघात ऑफेन्सिव्ह टॅकल खेळतो, म्हणजे समोरच्यांना अडवून धरणारा धिप्पाड खेळाडू. कॉलेज संघांसाठी हायस्कूलची मुलं जोखणाऱ्या रिक्रूटिंगच्या साइटवर त्याला पाचपैकी तीन स्टार आहेत. कोणी किती चांगली नवी मुलं घेतली याच्या रँकिंगमध्ये पहिल्या पाचात असलेलं एक विद्यापीठ त्याला वॉक-ऑन म्हणून ये म्हणतंय, म्हणजे स्कॉलरशिप नाही. साठाव्या नंबरच्या आसपासचं दुसरं एक पूर्ण स्कॉलरशिप देतंय. त्याचे बाबा म्हणतात, रँकिंग वर असणारेच जिंकतात, तिकडेच पाठवू. दोन्ही संघांची त्यांनी काढलेली यादी सोबत जोडली आहे. — एक आई

उत्तर : ताई, बाबांचं म्हणणं खोटं नाही. जॉर्जिया आणि अलाबामा ही विद्यापीठं वर्षानुवर्षं चार-पाच स्टारवाली मुलं गोळा करतात आणि वर्षानुवर्षं जिंकतात. २०२२ च्या हंगामात टीसीयूचा (टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) संघ फारसं नाव नसलेल्या मुलांना घेऊन थेट राष्ट्रीय फायनलला पोचला. तिथे जॉर्जियाने त्यांना ६५-७ असं धुतलं. एखादी मॅच हिमतीवर निघते, पण दीडशे किलोची आणि तरीही चपळ अशी मुलं एकामागून एक मैदानात उतरवायची तर ती आधी गोळा केलेली असावी लागतात.

पण त्याच २०२२ मध्ये टेक्सास ए अँड एमने रँकिंगमधला पहिल्या नंबरचा क्लास, म्हणजे त्या वर्षीच्या नव्या मुलांची तुकडी, भरला होता. आपल्याच मैदानावर ते ॲपलाचियन स्टेटकडून १७-१४ ने हरले आणि हंगाम ५-७ वर संपला. उलट २०२५ च्या हंगामात रँकिंगवाल्यांच्या खिजगणतीत नसलेली इंडियाना एकही मॅच न हरता राष्ट्रीय विजेती झाली. त्यांचे बरेच खेळाडू चार-पाच वर्षं कॉलेजात घासलेले, दुसरीकडून ट्रान्सफर होऊन आलेले होते. रँकिंग मोजतं सतरा वर्षांचा मुलगा. तो बावीसाव्या वर्षी काय होईल, याचा तो अंदाज असतो. आणि त्यातही एक गंमत आहे : मोठ्या कॉलेजची ऑफर आली की मुलाचे स्टार वाढतात, मग त्या स्टारमुळे त्याच कॉलेजचं रँकिंग वाढतं. आपल्याकडे कोचिंग क्लासवाले टॉपर्सचे फोटो होर्डिंगवर लावतात, तेव्हा मूळचं हुशार कोण होतं हे कोणी विचारत नाही, तसंच काहीसं.

आता तुमची यादी. मोठ्या संघात टॅकलच्या जागेवर नऊ मुलं आहेत, त्यातली सहा चार स्टारची, आणि चौघांची कॉलेजकडून खेळायची अजून तीन वर्षं शिल्लक आहेत. दुसऱ्या संघात पाच मुलं आहेत, त्यातली दोन या वर्षी बाहेर पडतील. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या कागदावरच आहे. बाबांनी यादी काढली, पण पाहिला तो वरचा नंबर. ज्या रँकिंगमुळे तो संघ जिंकतो, त्याच रँकिंगमुळे तुमच्या मुलापुढची रांग लांबते.

वॉक-ऑनचं आणखी एक. २०२५ पासून बहुतेक मोठ्या संघांना १०५ खेळाडूंची मर्यादा आहे. पूर्वी वॉक-ऑन धरून संख्या याहून बरीच वर जायची. आता जागा कमी पडली की पहिली कुऱ्हाड याच मुलांवर येते, आणि फी तर तुम्हीच भरत असता.

टॅकलचं शरीर उशिरा भरतं. एरिक फिशरला हायस्कूलमध्ये मोठ्या संघांनी विचारलंही नव्हतं. तो सेंट्रल मिशिगनला गेला, खेळत राहिला, आणि एनएफएल या व्यावसायिक लीगच्या २०१३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिल्या नंबरवर निवडला गेला, टॅकल म्हणूनच. असं दर वर्षी घडत नाही, तेव्हा त्यावर घर बांधू नका. पण बेंचवर बसून असं कधीच घडत नाही.

माझं मत स्कॉलरशिपच्या बाजूने आहे. फक्त त्या कोचला आधी स्पष्ट विचारा : दुखापत झाली तर स्कॉलरशिप चालू राहील का, आणि किती वर्षांची आहे ते लेखी मिळेल का? त्याला इंजिनिअरिंग करायचं असेल तर दुपारच्या लॅब आणि प्रॅक्टिस यांचं कसं जमवतात, हे संघातल्याच एखाद्या मुलाकडून कळेल. कोच ‘जमतं की’ एवढंच म्हणेल.

आणि हे याच आठवड्यात करा : कॉलेज खेळांची संघटना एनसीएए, तिच्या डिव्हिजन वन या सर्वांत वरच्या गटात खेळायला हायस्कूलचे १६ कोअर कोर्स (मुख्य विषयांचे कोर्स) लागतात, त्यातले १० बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत. शाळेच्या काउन्सेलरकडे बसून त्याची ट्रान्सक्रिप्ट ओळीने तपासून घ्या.