पुण्यात खोली घेण्याआधी

प्रश्न : मी बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पदवी झाली की पुण्यात राहून राज्यसेवेची तयारी करायची ठरवलंय. वर्गातले चौघं निघालेत. बाबा म्हणतात, पैशाचं मी बघतो. तरी मनात धाकधूक आहे. जाऊ का? — एक विद्यार्थी, लातूर जिल्हा

उत्तर : तुझ्या पत्रात खोलीचं भाडं, मेस, अभ्यासिका, क्लासची फी असा सगळा हिशेब आहे. राज्यसेवेतून होणारा तहसीलदार दिवसभर काय काम करतो, याबद्दल मात्र एक ओळ नाही. मला काळजी त्याची वाटते.

आधी ते काम बघ. तुमच्या तहसील कार्यालयात एक अख्खा दिवस जाऊन बस. शेतरस्त्याच्या दाव्यांची सुनावणी, गारपिटीनंतरचे पंचनामे, वाळूच्या गाड्या, दाखल्यांचे गठ्ठे, आणि निवडणूक लागली की मतदार याद्या. रस्ता अडवला म्हणून दोन सख्खे भाऊ समोर तावातावाने भांडत असताना दोघांचं शांतपणे ऐकून निकाल द्यावा लागतो. हे करायला आवडेल असं वाटलं, तर ही सेवा फार मोलाची आहे. नुसती गाडी आणि गावातला सत्कार डोळ्यांपुढे येत असेल, तर थांब.

मग परीक्षा. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक, म्हणजे उत्तरं सविस्तर लिहायची, झाली आहे, त्यामुळे सीनियर मुलांच्या जुन्या नोट्सवर विसंबू नकोस. नवं स्वरूप यूपीएससीच्या धर्तीवर आहे, म्हणून यूपीएससीच्या मुख्य परीक्षेची सामान्य अध्ययनाची एक प्रश्नपत्रिका उतरवून घे. तीन तास, वीस प्रश्न. घड्याळ लावून लिही. पहिल्यांदा कुणालाच धड जमत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहायला बसावंसं वाटतं का, ते बघ.

आता खरं अवघड. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ वर्षं आहे, मागास प्रवर्गांना ४३. ऐकायला दिलासा वाटतो, पण त्यामुळेच पोरं अडकतात. पूर्व परीक्षा दोन मार्कांनी हुकली की ‘पुढचा अटेम्प्ट’, आणि थांब म्हणणारं कुणी नसतं. तिकडे बँकांच्या कृषी अधिकारी पदासाठी आयबीपीएसची परीक्षा असते, ती खुल्या प्रवर्गाला तिशीपर्यंतच देता येते. तुझ्या पदवीवर मिळणारी ही चांगली नोकरी. राज्यसेवेच्या नादात तिचं वय निघून जाताना मी पाहिलंय. एमएस्सीचंही तेच, अंतर पडलं की परतणं जड जातं.

म्हणून बाबांसमोर बस. पैसा कुठून येणार, हे स्पष्ट विचार. कर्ज काढून किंवा जमीन गहाण टाकून येणार असेल, तर माझं उत्तर ‘नको’ आहे. गावी राहून, एखादी नोकरी धरून तयारी कर. पैशाची सोय असेल तर किती अटेम्प्ट आणि कोणत्या महिन्यापर्यंत, हे दोघांनी वहीत लिहून ठेवा. आयबीपीएसचा अर्ज त्या काळातही भरत जा.

तोवर खोलीचं डिपॉझिट देऊ नकोस, चौघं गेले तरी. आणि एवढं करूनही जावंसं वाटलं तर मला जरूर लिही. वैकल्पिक विषय कृषी घ्यायचा की दुसरा, ते तेव्हा सविस्तर बोलू.