ज्येष्ठांचं समुपदेशन आणि पुनर्वसन शिकवायचंय? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी मानसशास्त्रात एम.ए. करते आहे. पुनर्वसन आणि ज्येष्ठांचं समुपदेशन या विषयाची प्राध्यापक व्हायचं आहे. जेरोंटॉलॉजीचा (म्हणजे वार्धक्यशास्त्राचा) डिप्लोमा केला तर पुरेल का? (एक विद्यार्थिनी, सातारा)

उत्तर : नुसत्या डिप्लोम्याच्या भरवशावर राहू नका. पुनर्वसनाच्या मागे 1992 चा भारतीय पुनर्वास परिषद कायदा उभा आहे. पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ, पुनर्वसन समाजकार्यकर्ते, पुनर्वसन समुपदेशक असे व्यावसायिकांचे 16 प्रवर्ग परिषदेकडे आहेत, आणि नोंदणी न करता काम करणं हा गुन्हा आहे. या यादीत ‘ज्येष्ठांचा समुपदेशक’ असा वेगळा प्रवर्ग मात्र नाही. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, पुनर्वसनाच्या दारातून आत या आणि म्हातारपण हा अभ्यासाचा विषय धरा. फी भरण्याआधी परिषदेच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची यादी बघा. माहितीपत्रकावर विद्यापीठाचं नाव आहे म्हणजे परिषदेची मान्यता आहे, असं होत नाही.

शिकवण्यासाठी पदव्युत्तर पदवीला 55 टक्के गुण आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. सेट आपल्याकडे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. 2023 पासून सहायक प्राध्यापकपदाला पीएच.डी.ची सक्ती नाही, पण पुढे सरकायचं तर ती लागतेच. कायम जागा कमी निघतात. काही वर्षं तासिका तत्त्वावर काढावी लागतील, हे घरच्यांच्या कानावर आधीच घालून ठेवा.

प्रश्न : मी फिजिओथेरपिस्ट आहे. व्यायाम आम्ही करून घेतो, औषधं डॉक्टर देतात. मग समुपदेशनाचे प्राध्यापक नेमकं काय शिकवतात? (नाशिक)

उत्तर : प्रश्न खोचक आहे, पण रास्त आहे. एक उदाहरण देतो. पक्षाघातानंतर सदरा घालताना आधी दुबळा हात बाहीत घालायचा, मग चांगला. काढताना उलट. हे तुम्ही किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट शिकवता आणि रुग्णाला ते जमतंही. घरी गेल्यावर मात्र पंधरा दिवसांत बायकोच सदरा चढवू लागते, कारण तिला दोन मिनिटं लागतात आणि त्याला पंधरा. शिवाय पाहुण्यांसमोर नवरा बाहीशी झटापट करतोय हे तिला बघवत नाही. बायकोची माया आणि नवऱ्याचा संकोच असे दोन्ही हातात हात घालून येतात आणि कमावलेलं कौशल्य जातं. इथून समुपदेशकाचं काम सुरू होतं.

वर्गात यातली तत्त्वं सांगायला एक तास पुरतो. खरा वेळ जातो तो प्रात्यक्षिकावर. विद्यार्थ्याने रुग्णाच्या परवानगीने केलेलं संभाषणाचं रेकॉर्डिंग आम्ही एकत्र ऐकतो. आजोबा म्हणाले, ‘आता काय राहिलंय?’ आणि आपला विद्यार्थी लगेच म्हणाला, ‘असं नका बोलू आजोबा, सगळं ठीक होईल!’ तिथेच टेप थांबवायची. पक्षाघात झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना नैराश्य येतं. ते ओळखण्याची संधी त्या धीर देण्यात वाहून गेली. ‘काय राहिलंय असं वाटतं?’ एवढं विचारून गप्प बसायला शिकवणं, हे या नोकरीतलं सर्वांत अवघड काम. बडबड्या विद्यार्थ्यांना तर फारच.

तुमच्यासारख्यांनी इकडे यावं असं मला मनापासून वाटतं. शरीर कळणारे शिक्षक या विषयात कमी आहेत.

प्रश्न : मुलगी इथे अमेरिकेत वाढली आहे. तिला हाच विषय पुढे शिकवायचा आहे. वाट काय? (न्यू जर्सी)

उत्तर : तिथे वाट जास्त आखीव आहे. पुनर्वसन समुपदेशनाची मास्टर्स, तीही ‘केकरेप’ या समुपदेशनाचे अभ्यासक्रम तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असलेली, मग सीआरसी ही प्रमाणपत्र परीक्षा, काही वर्षं प्रत्यक्ष काम आणि त्यानंतर समुपदेशक-शिक्षणातली पीएच.डी. एक मात्र सांगा तिला. ज्येष्ठांच्या समुपदेशनाला तिथे एके काळी स्वतंत्र शाखेचा दर्जा होता. विद्यापीठांनी पुरेसा प्रतिसाद दिला नाही, आणि केकरेपच्या 2009 च्या मानकांमधून ती शाखा वगळली गेली. गरज संपली म्हणून असं झालं नाही. मेडिकेअर ही तिथली ज्येष्ठांची सरकारी आरोग्य विमा योजना समुपदेशकांना पैसेच देत नव्हती, तेव्हा शिकून कमावणार काय? ती अडचण जानेवारी 2024 पासून दूर झाली. तेव्हा पदवीवर ‘जेरोंटॉलॉजी’ हा शब्द नसला तरी बिघडत नाही. प्रबंधाचा विषय आणि इंटर्नशिपची जागा ज्येष्ठांची असू दे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, वय 61. हे सगळं शिकण्याचं माझं वय राहिलंय का? (कोल्हापूर)

उत्तर : प्राध्यापकीचं वय गेलं, शिकण्याचं नाही. तुमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात जा. पाल्यांकडून निर्वाहखर्च मागण्याचा 2007 चा कायदा आणि 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन, या दोन गोष्टी नीट समजावून देणारी व्यक्ती तिथे हवीच असते. स्वतःला ‘समुपदेशक’ म्हणवून घेऊ नका, एवढं पथ्य पाळा. कोणाच्या बोलण्यात जीव नकोसा झाल्याचा सूर लागला, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक स्वतः लावून द्या आणि तिथला माणूस बोलू लागेपर्यंत शेजारी बसा.