सीमनने पीव्हीसी शोधलं नाही, चालतं केलं

एमएस्सी झालंय, वायर-केबलसाठी पीव्हीसी कंपाउंड बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी मिळतेय, पण "नुसतं पावडरमध्ये तेल मिसळायचं काम, तिथे वाल्डो सीमनसारखा शोध कुठला लागायला," असं तुम्ही विचारलंय. (सीमन म्हणजे पीव्हीसीला मऊ, लवचिक करणारा अमेरिकन रसायनतज्ज्ञ.) गंमत म्हणजे सीमनने नेमकं तेच केलं होतं.

पीव्हीसी त्याच्या जन्माआधीचं. १८७२ साली बाउमान या जर्मन रसायनतज्ज्ञाला ते पांढऱ्या पदार्थाच्या रूपात दिसलं, १९१३ मध्ये क्लाटेने त्यावर पेटंटही काढलं. पण वापरणार कसं? तापवून मऊ करायला जावं तर त्याआधीच हायड्रोक्लोरिक आम्ल सोडून पिवळं पडायचं.

सीमन १९२६ मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रनला बी. एफ. गुडरिच या रबर कंपनीत लागला. काम होतं धातूला रबर चिकटवणाऱ्या गोंदाचं. पीव्हीसीतलं क्लोरिन काढलं तर जमेल, या हिशोबाने त्याने ते उच्च तापमानाला उकळणाऱ्या द्रावकात तापवलं. गोंद झाला नाही; निघाली ती रबरासारखी लवचिक जेली. दुसरा कुणी असता तर भांडं घासायला टाकलं असतं. याने कुठल्या द्रावकाने किती मऊपणा येतो, काय उडून जातं, काय टिकतं, याचाच पाठपुरावा केला. ट्रायक्रेसिल फॉस्फेट, डायब्युटाइल थॅलेट ही नावं त्यातलीच. पेटंट मिळालं १९३३ मध्ये.

आत घडतं ते साधं आहे. पीव्हीसीच्या साखळ्या क्लोरिनमुळे एकमेकींना घट्ट धरून असतात. प्लास्टिसायझरचे, म्हणजे मऊपणा आणणाऱ्या त्या द्रावकाचे, रेणू मधे शिरले की पकड सैल होते, कणकेत तेल मुरल्यासारखी. पण ते रेणू साखळीला जोडलेले नसतात, हळूहळू बाहेर येतात. जुना रेनकोट घडीवर कडक होऊन तडकतो तो म्हणून. (शेतातल्या पीव्हीसी पाइपात प्लास्टिसायझर नसतो, तो प्रकार वेगळा.)

पुढची लढाई साहेबांशी होती. मंदीचे दिवस, नव्या मालाला गिऱ्हाईक कोण? सीमनने म्हणे या मऊ पीव्हीसीचा लेप दिलेलं कापड उपाध्यक्षांच्या कागदांवर पसरलं आणि वर पाणी ओतलं. कागद कोरडे राहिले. किस्सा थोडा रंगवलेला असेल, पण 'कोरोसील' नावाने माल बाजारात आला हे खरं.

तो तिथेच थांबलाही नाही. पुढे कृत्रिम रबराकडे वळला. १९४० मध्ये गुडरिचने 'अमेरिपोल' आणलं त्यामागे त्याचंच काम होतं. ११६ अमेरिकन पेटंटं, १९६३ ला निवृत्ती, मग केंट स्टेट विद्यापीठात संशोधन. १९९९ मध्ये गेला तेव्हा वय शंभर.

तेव्हा नोकरी घ्या, फक्त मुलाखतीत दोन गोष्टी विचारा. लॅबमध्ये स्वतंत्र टू-रोल मिल (दोन तापलेल्या रोलांमधून कंपाउंड मळायचं यंत्र) आहे का? आणि फॉर्म्युला बदलून बघायची मुभा केमिस्टला आहे, की मालकाच्या वहीतला आकडा तसाच चालवायचा? दुसऱ्याचं उत्तर 'वही' असेल तर वर्षभर हात बसवा, स्टॅबिलायझर (तापवताना पीव्हीसी खराब होऊ न देणारा) आणि फिलर (भर घालायची पूड) यांचे भाव समजून घ्या आणि पुढची जागा शोधायला लागा. नुसत्या क्यूसीत, म्हणजे माल तपासणीत, अडकू नका. तिथे बॅच पास-नापास करण्यातच दिवस जातात.