मराठी माध्यमातून आलेल्याला कमर्शियल लिटिगेशन, म्हणजे व्यापारी वादांचे खटले, जमेल का? इंग्रजी कितपत लागतं?

जमतं. मी चौदा वर्षं करतोय.

माझ्या पहिल्या सिनियरांनी माझा ड्राफ्ट बाजूला सारून सांगितलं होतं, "तू मोटार अपघाताच्या केसेस कर. कमर्शियल तुझ्या इंग्रजीला झेपायचं नाही." महिन्याला तीन हजार देत, म्हणून गप्प बसलो. वडील लातूरला आडतीवर दिवाणजी. सुट्टीत त्यांच्याशेजारी बसून मी खतावणी करायचो, म्हणजे रोजच्या नोंदी ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडायचो. ती विद्या वकिलीत कामी येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

पुढे दुसऱ्या ऑफिसात असताना पुण्यात एक दावा आला. अशील पुठ्ठ्याच्या खोक्यांचे पुरवठादार, चाकणच्या एका कारखान्याकडून 38 लाख येणं. कलम 12अ ची, म्हणजे दावा लावण्याआधीची, मध्यस्थी झाली, म्हणजे समोरचे फिरकलेच नाहीत. दाव्याला लेखी उत्तर, म्हणजे कैफियत, त्यांनी 118व्या दिवशी दिली (120 दिवस उलटले की हक्कच जातो, म्हणून ताणतात). म्हणणं काय, तर माल खराब निघाला, परत पाठवला.

उलटतपासणीच्या दिवशी आमचे वकीलसाहेब तापाने आडवे, त्यामुळे मी उभा राहिलो. साक्षीदार त्यांचा अकाउंट्स मॅनेजर, फाडफाड इंग्रजी. मी मराठीतच विचारलं. परत पाठवल्याची डेबिट नोट? नाही. गेटपास? नाही. या बिलांवर जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेतलं? बराच वेळ फाइल चाळून म्हणाला, "घेतलं." मग रिव्हर्स केलं, म्हणजे परत फिरवलं? "नाही."

माल हाती आल्याशिवाय क्रेडिट घेता येत नाही, आणि परत केला तर ठेवता येत नाही. "मग परत केला म्हणता तो कुठला माल?" हा प्रश्न अगदी जिभेवर आला होता, तो गिळून खाली बसलो. विचारला असता तर त्याला सारवासारव करायला जागा मिळाली असती. तीन महिन्यांत तडजोड झाली, व्याज सोडून मुद्दल मिळालं.

त्या उलटतपासणीत माझं इंग्रजी कुठे लागलं? खतावणी लागली. कमर्शियल कोर्टात जायला दावा किमान केवढ्याचा हवा ही मर्यादा 2018 मध्ये एक कोटीवरून तीन लाखांवर आली, तेव्हापासून छोटे व्यापारीही येतात आणि ते आपली रडगाणी मराठीतच गातात. त्यांची वही ज्याला वाचता येत नाही त्याने सुंदर इंग्रजीत दावा हरावा, माझी हरकत नाही.

हां, ड्राफ्टिंग बहुतेक इंग्रजीतच असतं आणि हायकोर्टाची भाषाही इंग्रजीच. मीही तीन वर्षं रोज रात्री निकालपत्रं मोठ्याने वाचली, बायको वैतागायची. पहिली काही वर्षं पैसा जेमतेम मिळतो, घरी कर्ज असेल तर नीट विचार करा.

इंटर्नशिप शोधत असाल तर आधी एखाद्या सीएकडे महिनाभर टॅलीवर (हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर) बसा. आमचे ते सिनियर याला कारकुनी म्हणायचे. गेल्या वर्षी त्यांच्याच ऑफिसातून एका पार्टीचे लेजर समजावून घ्यायला मला फोन आला होता. समजावले, फी घेऊन.